गोदावरीच्या दक्षिण तीरी

रमाकांतभटजींना अक्षरओळख नव्हती, पण काळाचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. वडील लवकर गेले, शाळा सुरू होताच सुटली, आणि मग मामांनी त्यांना पाटाशेजारी बसवून जे काही दिलं ते सगळं कानातून दिलं. त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दहा-बारा मराठी घरांत ते पूजा सांगायला जात, तेव्हा त्यांच्या हातात पोथी कधीच नसे. मांडीवर उपरणं, समोर ताम्हन, आणि डोळे अर्धवट मिटलेले, एवढंच.

कुठल्याही पूजेच्या आधी संकल्प सोडायचा असतो. उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्यायचं आणि देवाला सांगायचं, की ब्रह्मदेवाचं अर्धं आयुष्य उलटून गेल्यावर, श्वेतवाराह नावाच्या कल्पात, सातव्या मनूच्या राज्यात, अठ्ठाविसाव्या कलियुगाच्या पहिल्या पायरीवर, जंबुद्वीपात, भरतखंडात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, अमुक गोत्रातला अमुक मी, अमुक कारणासाठी हे काम करतो आहे. एवढं सांगून झालं की पाणी ताम्हनात सोडायचं. रमाकांत हे इतकं सावकाश म्हणत की यजमानाचा हात भरून येई. एकदा कोणा तरुण यजमानाने घड्याळाकडे बघत म्हटलं, "काका, शॉर्टमध्ये घ्या ना." तेव्हा रमाकांत डोळे न उघडता म्हणाले होते, "पत्ता अर्धाच लिहिला तर पत्र कुठे जाईल, बाळा?"

ते शहात्तर वर्षांचे झाले त्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नी शरयूबाई अंथरुणाला खिळल्या. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती, छातीत पाणी साठत होतं, आणि डॉक्टरांचं म्हणणं असं की ऑपरेशन सोसेल एवढी ताकद अंगात नाही, औषधं चालू ठेवा आणि बघू. गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात समोरच्या खोलीत सकाळी दोन तास ऊन येतं. मुलाने, अंबरीशने, तिथे खाट लावून दिली. रमाकांत रोज सकाळी खाटेच्या पायथ्याशी पाट मांडून बसत, शरयूच्या नावाने संकल्प सोडत आणि जप करत. चाळीस दिवस झाले, आणि चाळीस दिवसांत शरयू रोज थोडी थोडी खाली उतरत गेली, जसं विहिरीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, बघताना दिसत नाही पण दोर मात्र रोज वीतभर जास्त सोडावा लागतो.

असं उतरताना त्यांनी आणखी एकाच जीवाला पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, अंबरीशच्या आधी, त्यांना मुलगी झाली होती. नऊ दिवस होती. सहाव्या दिवशी, सटवीच्या पूजेच्या वेळी, शरयूने तिच्यासाठी मनात धरलेलं नाव रमाकांतांच्या कानात सांगितलं होतं. बाराव्या दिवशी सगळ्यांना सांगायचं होतं, पण बारावा दिवस आलाच नाही. नंतर ते नाव त्या घरात कोणी उच्चारलं नाही, दोघांनी एकमेकांतसुद्धा नाही. तेव्हाही रमाकांत पाटावर बसले होते, तेव्हाही पाणी सोडलं होतं.

पौष महिन्यातल्या एका सकाळी नात उन्नती त्यांच्यासमोर फोन ठेवून मांडी घालून बसली. ती फिजिक्समध्ये एमएस्सी करत होती.

"आजोबा, तुमचं ते ब्रह्मदेववालं सगळं मला स्लोली बोलून दाखवा ना. सेमिनार आहे माझा. सृष्टी कशी सुरू झाली, आपलं दर्शन काय सांगतं आणि मॉडर्न सायन्स काय सांगतं."

"मी हळूच म्हणतो. याहून हळू म्हटलं तर तुझ्या फोनला झोप लागेल."

खाटेवरून शरयू हसल्या. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्याच, दौलतगंजातल्या. चंबळ ओलांडून कधी फार लांब गेलेल्या नाहीत, आणि त्यांची मराठी अर्धी हिंदीच्या कडेवर बसलेली. "बोलू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तेच करून राहिले."

रमाकांतांनी म्हटलं. उन्नतीने वहीत आकडे मांडले. "हे बघा. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे चारशे बत्तीस कोटी वर्षं. आणि सायन्सने पृथ्वीचं वय काढलं ते चारशे चोपन्न कोटी. मतलब, इतक्या जवळचा आकडा कोणी बिना दुर्बिणीचा कसा सांगेल?"

"जवळ आहे. पण तोच नाही ना?"

"तोच नाही," उन्नती प्रामाणिकपणे म्हणाली. "आणि पूर्ण विश्वाचं वय निघालं तेराशे ऐंशी कोटी. ते कशातच बसत नाही."

"तुझ्या आजोबांचं पण असंच राहतं," शरयू म्हणाल्या. "वीस माणसांचा स्वयंपाक सांगतात आणि तीस घेऊन येतात."

मग रमाकांतांनी मामांनी सांगितलेलं सांगितलं, की महाविष्णू पाण्यावर झोपलेला आहे आणि त्याच्या एकेका श्वासासरशी अंगावरच्या छिद्रांतून ब्रह्मांडं बाहेर पडतात, बुडबुड्यांसारखी, आणि प्रत्येकात वेगळा ब्रह्मदेव बसून आपलं आपलं जग मांडतो, पण मांडतो ते पहिल्यासारखंच, कारण दुसरं कसं मांडायचं ते त्यालाही ठाऊक नाही. उन्नतीचे डोळे मोठे झाले. ती म्हणाली, काही शास्त्रज्ञ हेच म्हणतात, उकळत्या दुधाला बुडबुडे येतात तशी विश्वं येत असतील आणि त्यांना अंतच नसेल. आणि अंत नसेल तर एक गंमत होते.

"ताशचे पत्ते किती वेळा पिसाल, आजोबा? कधी ना कधी तीच पानं त्याच क्रमाने येणार. मतलब कुठल्यातरी ब्रह्मांडात हीच खोली, हीच खाट, आपण तिघं. आणि कुठल्यातरी ब्रह्मांडात सगळं असंच, फक्त एक पान वेगळं. जसं की आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेच नाहीत."

"मग आहेत कुठे?"

"तिकडेच. गोदावरीवर." एवढं बोलून ती थांबली. फोनवरचं मागे नेऊन तिने पुन्हा ऐकलं. "आजोबा, रुको. तुम्ही इथे गोदावरीचं दक्षिण तीर का बोलले? ग्वाल्हेर तिथे कुठे आहे? गोदावरी आठशे किलोमीटर आहे इथून, आणि आपण उत्तरेला आहोत तिच्या."

 साठ वर्षं ते शब्द रमाकांतांच्या तोंडातून जात होते आणि त्यांचा अर्थ त्यांना समजत नव्हता असंही नाही. पण आपल्या स्वतःच्या नावाकडे जसं आपण कधी निरखून बघत नाही, तसं त्यांनी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मामा म्हणत तसं ते म्हणत. मामांचे वडील म्हणत तसं मामा म्हणत.

शरयू खोकला येईपर्यंत हसल्या. "साठ साल गलत पत्त्यावर," त्या म्हणाल्या, "आणि मी म्हणून राहिले की देव ऐकत का नाही."

संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या अंबरीशला हे कळलं तेव्हा तो बूट काढत म्हणाला, "म्हणजे माझ्या मुंजीचं सगळं पुण्य गोदावरीकाठी कोणाच्या तरी अंगणात पडलं असेल. तरीच मला प्रमोशन नाही."

रमाकांतही हसले. पण हसून झाल्यावर त्यांना चाळीस सकाळी आठवल्या, आणि त्यांच्याही मागच्या नऊ.

दुसऱ्या दिवशी ते तात्यासाहेबांकडे गेले. तात्यासाहेब गोरखीत राहणारे, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, आणि रमाकांतांना कधीही अडाणी न म्हणणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपल्या पुष्कळ घरांत असंच म्हणतात," ते म्हणाले. "येताना भांडीकुंडी आणली, तसा पत्ताही आणला. नंतर तो बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही."

"इथे काय म्हणायचं असतं?"

"आर्यावर्त म्हणा. नर्मदेचं उत्तर तीर म्हणा."

रमाकांतांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग उठता उठता विचारलं, "आणि आजवर म्हटलं ते?"

तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ते पोचलं असेल, रमाकांत. नाव आणि गोत्र तर तुम्ही बरोबर सांगत होता. त्या नावाचा जो कोणी तिथे असेल, त्याला मिळालं असेल."

त्या नंतरच्या सकाळी रमाकांतांनी नव्या पत्त्यावर संकल्प सोडला. जीभ जुन्या वळणाने गोदावरीकडे जाऊ लागली तिला त्यांनी हलकेच आवरलं, आणि नर्मदेचं उत्तर तीर म्हणून पाणी सोडलं.

तिसऱ्या दिवशी शरयूंनी स्वतःहून पेज मागितली. आठव्या दिवशी त्या उशीला टेकून बसल्या. महाशिवरात्रीच्या सुमाराला त्या भिंतीला हात लावत खिडकीपर्यंत गेल्या, आणि होळीला त्यांनी पुरण वाटलं. डॉक्टरांनी तपासणीचे कागद दोनदा उलटून पाहिले, आधीचे कागद मागवून शेजारी ठेवले, आणि शेवटी म्हणाले, "कभी कभी ऐसा हो जाता है, बाबा." रमाकांतांनी वाकून त्यांना नमस्कार केला. डॉक्टर मुलाच्या वयाचे होते, ते गडबडून उभे राहिले.

ते दिवस रमाकांतांच्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस होते. नई सडकेवरून पेढे आणून त्यांनी डॉक्टरांना दिले, सुया टोचणाऱ्या नर्सबाईंना दिले, दवाखान्यात नेणाऱ्या ई-रिक्शावाल्याला शोधून काढून दिले. एक पेढा उन्नतीच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "पत्ता तू दुरुस्त केलास." सकाळी जाग आली की ते आधी ऐकत. स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या की मग डोळे उघडत. ज्याने हे दिलं त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मामांनी शिकवलेलं नव्हतं, म्हणून ते नुसतेच हात जोडून अंथरुणावर थोडा वेळ बसत.

मग एक दिवस शरयूंनी त्यांना बाजारातून दुधी आणायला सांगितला.

रमाकांत पिशवी घेऊन जिना उतरले आणि अर्ध्या वाटेत थांबले. पन्नास वर्षांत शरयूने दुधी म्हटलं नव्हतं, लौकी म्हटलं होतं. घरात सगळे लौकीच म्हणत. फार मोठी गोष्ट नव्हती ती. त्यांनी दुधी आणला. पण त्या दिवसापासून त्यांचे कान जागे झाले, आणि कान हेच तर त्यांचं सगळं शिक्षण होतं. शरयूंच्या बोलण्यातली हिंदी गेली होती. 'करून राहिले' गेलं होतं, 'साल' गेलं होतं. त्या संथ, गोल, नदीकाठच्या गावातल्या बायका बोलतात तसं मराठी बोलत होत्या, आणि सून पद्मा सवयीने हिंदीत काही म्हणाली की क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत, जणू ती काय म्हणते ते ओठांवरून ओळखायचं आहे.

रविवारी अंबरीशने नेहमीप्रमाणे बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी आणली. बेडईसाठी शरयू आजारपणातसुद्धा हट्ट करीत. आज त्यांनी ती हातात फिरवून बघितली, एक तुकडा खाल्ला, आणि पाहुणीने परक्या घरी म्हणावं तसं म्हणाल्या, "छान आहे हो. काय म्हणतात याला?"

अंबरीशने बापाला बाजूला घेतलं. "बाबा, टेन्शन घेऊ नका. सोडियम खूप कमी झालं होतं आईचं. डॉक्टर बोलले, थोडं कन्फ्यूजन राहतं. येईल हळूहळू सगळं परत."

"ती ओळखते मला," रमाकांत म्हणाले.

"तेच तर. ओळखते ना सगळ्यांना? मग झालं."

ते खरं होतं. शरयू सगळ्यांना ओळखत होत्या, आणि रमाकांतांना तर असं ओळखत होत्या की ते घास घेताना मध्येच थांबले तर पाण्याचा पेला पुढे सरकवत. मायेत काही कमी नव्हतं. फक्त जिना उतरताना, शेवटच्या पायरीपाशी, त्या दर वेळी लुगड्याचा काठ घोट्याच्या वर उचलून धरत आणि पाऊल आडवं टाकत, जसं शेवाळलेल्या दगडावर टाकतात. खाली कोरडी फरशी होती. आणि सकाळी दार उघडायच्या आधी त्या विचारत, "पाणी उतरलं का हो?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा रमाकांत म्हणाले, "कुठलं पाणी?" शरयू थबकल्या, कपाळाला हात लावला, आणि हसून आत गेल्या. पुढे ते नुसतंच "उतरलं" म्हणू लागले. ते ऐकून शरयूंना बरं वाटे.

चैत्रातल्या एका दुपारी दोघं खिडकीशी बसली होती. शरयू गहू निवडत होत्या. निवडता निवडता त्या म्हणाल्या, "निवेदिताचं काही कळलं नाही बरेच दिवसांत."

रमाकांतांच्या हातातली माळ तिथेच राहिली. ते नाव त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एकदा, एकाच कानाने ऐकलं होतं.

 मग अगदी साधेपणाने, भाव विचारावा तसं विचारलं, "कुठे असते ती आता?"

"असं काय करता? नदीपलीकडे नाही का दिली तिला." शरयूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तशा हसल्या. "दोन मुलांची आई झाली तरी तुम्हांला ती लहानच. नवव्या दिवशी तिने डोळे फिरवले होते, आठवतं? सगळ्यांनी सोडून दिलं होतं. तुम्ही पाटावरून उठला नाहीत. संध्याकाळी दिवे लागले आणि तिने डोळे उघडले. तुम्हीच तर वाचवलीत तिला."

रमाकांत उठून आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. त्या नऊ दिवसांचं पाणी वाया गेलं नव्हतं. कुठेतरी एका नदीच्या काठी त्यांच्या लेकीने संध्याकाळी डोळे उघडले होते, ती मोठी झाली होती, तिचं लग्न झालं होतं, तिला दोन मुलं होती. अठ्ठेचाळीस वर्षं छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी येऊन उचलून नेला. त्यांनी हात जोडले आणि खूप वेळ जोडून ठेवले.

मनातलं दुसरं पाऊल पडायला मात्र तीन दिवस लागले. रमाकांतांचा विचार त्यांच्या चालीसारखाच होता, हळू जायचा, पण वाटेत कुठे थांबायचा नाही. तिसऱ्या दिवशी तो पोचला. निवेदिताची आई इथे गहू निवडत बसली आहे, तर मग निवेदिताकडे कोण आहे?

त्यांनी उन्नतीला विचारलं. ती सेमिनार आटोपून मोकळी झाली होती, तिला बक्षीसही मिळालं होतं.

"एका ब्रह्मांडातली वस्तू दुसऱ्यात येऊ शकते का गं?"

"नाही, आजोबा. प्रकाशसुद्धा नाही येऊ शकत."

"आणि आलीच तर?"

उन्नतीला तो खेळ वाटला. तिने विचार केला. "आलीच तर तिच्याबदल्यात इकडचं तेवढंच काहीतरी तिकडे गेलेलं असणार. एकूण बदलत नाही ना कधी. क्यों, सत्यनारायणात सांगायचं आहे?"

"नाही. असंच."

त्या संध्याकाळी शरयू देवापाशी वात लावत होत्या आणि रमाकांत त्यांच्याकडे बघत होते. सगळं तेच होतं, मानेवरचा तीळ, वात वळताना ओठ मुडपायची सवय. त्यांना एकाएकी खाटेवरचा तो खोकला आठवला, ते हसणं, साठ साल गलत पत्त्यावर म्हणणारा तो आवाज, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो आवाज त्यांनी पौषापासून ऐकलेला नाही. तो गेला होता, आणि त्यांनी त्याच्यासाठी सुतकसुद्धा धरलं नव्हतं. ते पेढे वाटत फिरले होते.

आणि तरीही, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं, समोर वात लावणाऱ्या बाईला परत पाठवायचं त्यांच्या मनात नव्हतं. पाठवायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तरी त्यांनी पाठवलं नसतं. ती बरी होती. ती श्वास घेत होती. तिने घास घेतला की तो गळ्याखाली उतरत होता. पलीकडे त्याच नावाचा, त्याच गोत्राचा एक म्हातारा सकाळी जागा होऊन कान देत असेल, आणि बांगड्यांऐवजी त्याला खोकला ऐकू येत असेल. त्या खोकणाऱ्या बाईला तो काय म्हणत असेल? आणि तो तिला 'पाणी उतरलं' असं सांगत असेल तेव्हा तिला काय कळत असेल, जिच्या दाराशी जन्मात नदी आली नाही? तो चांगला माणूस असेल, असं रमाकांतांना वाटलं. तो तिला औषध देत असेल. ती लौकी म्हणाली तर तो दुधी आणून देत असेल.

दुसऱ्या सकाळी अंबरीश आणि पद्मा कामावर गेले, उन्नती कॉलेजला गेली. रमाकांतांनी अंघोळ करून पाट मांडला. उन्हाचा पट्टा खाट होती त्या जागेवर येऊन पडला होता; खाट आता गच्चीत उभी करून ठेवलेली होती. त्यांनी पळीभर पाणी तळहातावर घेतलं, नर्मदेचं उत्तर तीर म्हटलं, आपलं नाव-गोत्र सांगितलं, आणि जे मिळालं त्याबद्दल आभारी आहे एवढंच कारण सांगून पाणी सोडलं.

मग त्यांनी दुसऱ्यांदा पळी बुडवली.

या वेळी त्यांनी जिभेला आवरलं नाही. ब्रह्मदेवाच्या उलटलेल्या आयुष्यापासून ती सावकाश निघाली, कल्प ओलांडून, मनू ओलांडून, युगांच्या पायऱ्या उतरत, आणि साठ वर्षांच्या वळणाने गोदावरीच्या दक्षिण तीराशी जाऊन उभी राहिली. तिथे त्यांनी गोत्र सांगितलं. नाव सांगितलं. आणि कारण सांगताना त्यांना संस्कृत सुचेना, म्हणून मराठीतच म्हणाले, की तिथे शरयू नावाची माझी बायको आहे, तिला बरं वाटू दे. ती बोलते ते कोणाला कळलं नाही तरी तिला रागावू नका. ती हसली तर हसू द्या.

पाणी अजून तळहातावरच होतं, तेव्हा त्यांच्या उजव्या कोपराला कोणीतरी हात लावला.

जोडीने संकल्प सोडताना बायकोने नवऱ्याच्या हाताला बोटं टेकवायची असतात, म्हणजे मग ते काम दोघांचं होतं. शरयू येऊन बसली, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. पण स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या. तिथे शरयू चहाचं आधण ठेवत होत्या, आणि जुनी कुठलीतरी ओवी गुणगुणत होत्या.

कोपरावरची बोटं तशीच होती. तापलेली, हलकी, धरून ठेवायची ताकद नसलेली, नुसती टेकलेली.

रमाकांतांनी मान वळवली नाही. ते घाबरले नव्हते. त्यांनी फक्त तळहात थोडा कमी कलता केला, म्हणजे पाणी एकदम जाणार नाही, थेंबाथेंबाने जाईल, आणि तेवढा वेळ तिला बसता येईल.

आत गुणगुणणं थांबलं. ट्रेमध्ये बशी ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग थोडा वेळ काहीच नाही, जसं कोणी दारातून वाकून बाहेरच्या खोलीत बघून घ्यावं. आणि त्यानंतर, अगदी हलक्या हाताने ठेवलेली, तिसरी.